न विचारता घेतलेली काडतुसं

आमच्या वेर्नानं माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात काही लोक अजून म्हणतात की मागितली. खोटं आहे ते. भोपळ्याएवढं खोटं!

वेर्ना म्हणजे स्टेन्सरुडांची धाकटी. भावंडांत सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात हट्टी. मोंटानातल्या या खोऱ्यात तिच्यासारखी मऊ, पावासारखी फुगलेली बिस्किटं कुणाला जमत नाहीत, आणि तिच्यासारखी काडतुसं तर कुणालाच नाहीत. हे भाऊ म्हणतो म्हणून नाही, कुणालाही विचारा. नवरा वारल्यावर ऑर्मंडच्या शिकारी छावणीत ती स्वयंपाकाला जायला लागली. दर शरदात घोड्यांची रांग डोंगर चढायची, आणि रांगेत शेवटी वेर्नाचं खेचर. त्याच्यावर तिची बिडाची भांडी, तिच्या आंबवलेल्या पिठाचं मडकं आणि तिची रायफल.

रायफल जुनी, दांडीची. दांडी खाली ओढायची, वर ढकलायची, की नवं काडतूस चढतं. ग्रिझ्ली अस्वलांच्या रानात ओढ्यावर पाणी आणायला रिकाम्या हातानं कोण जाईल? दुकानातल्या हलक्या गोळ्यांवर वेर्नाचा विश्वास नाही. ती गॅरेजचं दार उघडं टाकून टायरवाल्याकडचं जुनं शिसं वितळवते, साच्यात ओतते आणि अंगठ्याएवढ्या जाड, जड, चपट्या तोंडाच्या गोळ्या पाडते. चपट्या का, तर दांडीच्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक झोपतात. पुढच्याच्या बुडाला बार उडवणारी टिकली असते आणि मागच्याचं नाक तिला टेकतं. नाक टोकदार असलं आणि धक्का बसला तर तुमच्या हातातच दिवाळी.

"वेर्ना, ही गोळी आहे की नांगराचा फाळ?" छावणीतली पोरं चिडवायची.

"अस्वलाला विचार," ती म्हणायची आणि पॅनकेक उलथायची.

आता या काडतुसांचं असं की ती तिच्या रायफलीच्या मापाची. गोळी लांब, म्हणून काडतूस लांब. तिच्या रायफलीत लोण्यासारखं चढतं. दुसऱ्याच्या रायफलीत, तोंड त्याच मापाचं असलं तरी, चढेल की अडकेल ते त्या रायफलीला ठाऊक. म्हणून आमच्याकडे शाळेत जायच्या आधी पोराला शिकवतात, की दुसऱ्यानं हातानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. बापाचं असलं तरी विचारल्याशिवाय नाही.

हे ऑर्मंडच्या छावणीतल्या रॉइसला माहीत नव्हतं? त्याचं अर्धं आयुष्य वाटाड्या म्हणून डोंगरात गेलंय! माहीत होतं. पण त्याची स्वतःची काडतुसं संपत आली होती, आणि खाली गावात जायचा कंटाळा आला होता. वेर्ना ओढ्यावर गेलेली. स्वयंपाकाच्या तंबूत तिची चामडी पिशवी खुंटीला टांगलेली. यानं हात घातला, मूठभर उचलली, नळीत सारली आणि चालता झाला. वर चार बिस्किटंही खिशात टाकली. ती गोष्ट तो कधी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकानं मारलेल्या एल्क सांबरापाशी गेला, तर ग्रिझ्ली आधीच जेवायला बसलेली. रॉइसनं त्याची स्वतःची गोळी झाडली, ती गेली बर्फात. दांडी ओढली. वेर्नाचं काडतूस अर्धं वर आलं आणि फसलं. दांडी ना खाली, ना वर. अस्वलानं एक फटका मारला, दंडाचं कातडं सोललं आणि मांस घेऊन निघून गेलं. जीव वाचला. बरं झालं वाचला, कुणी नाही म्हणत नाही.

पण दवाखान्यातनं बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय? "वेर्नाच्या भंगार काडतुसानं मारलं असतं मला."

भंगार! चोरून नेलं, चुकीच्या बंदुकीत घातलं, आणि भंगार!

आणि गाव? गावाला रॉइस आवडतो. हसरा आहे, चर्चमध्ये सूर लावतो, गळ्यात बांधलेला हात बघून बायकांचे डोळे भरतात. वेर्ना हसरी नाही. दुकानात लोक तिच्याशी नुसतं हवापाण्याचं बोलायला लागले, म्हणजे समजा काय ते.

मग ऑर्मंड तिच्या ओसरीवर आला, टोपी हातात घेऊन. "वेर्ना, पुढच्या हंगामाची गिऱ्हाइकं विचारतायत. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये न्याहारी आहे. तिथं उभी राहा, चूक झाली म्हण. बस. तुझी चूल तुझीच राहील."

"कुठली चूक?"

"असेल काहीतरी. म्हणायला काय जातं?"

"तुझं काही जात नाही, ऑर्मंड. माझं नाव जातं."

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल."

छावणीची चूल म्हणजे वेर्नाचा सगळा शरद. त्या धुरासाठी ती बाकीचं वर्ष काढते. ऑर्मंडला ते माहीत होतं. म्हणूनच बोलला.

रविवारी ती हॉलमध्ये गेली. लांब टेबलं, पॅनकेक, कॉफीचा वास, सगळं गाव. रॉइस मध्ये बसलेला. त्यानं प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. बंदूकवाल्यानं त्याच्या रायफलीतनं बाहेर काढलेली काडतुसं होती ती.

"हीच ती," तो म्हणाला. "बघून घ्या."

ऑर्मंड उठला. "वेर्नाला दोन शब्द बोलायचेत."

वेर्ना उठली. चष्मा लावला. कोटाच्या खिशातनं तिचा पोकळ हातोडा काढला, तोच, बिघडलेली काडतुसं उकलायचा. पिशवीतलं एक काडतूस त्याच्या तोंडात अडकवलं, खाली वाकली आणि फरशीवर ठोकलं. ठक्. ठक्. हातोड्यातनं दारू आणि गोळी तिच्या रिकाम्या बशीत पडली. मग दुसरं. ठक्. ठक्. जड गोळी, आपल्याच वजनानं निघते.

"वेर्ना, लोक जेवतायत!" ऑर्मंड कुजबुजला.

"जेवू दे की. मी काय ताटात ठोकतेय?"

"चांगली काडतुसं आहेत, घरी ने ना!"

ती थांबली. सगळा हॉल थांबला. "दुसऱ्याच्या खिशात राहून आलेलं काडतूस मी माझ्या रायफलीत घालत नाही, ऑर्मंड. माझ्या हातचं असलं तरी नाही. आणि या गड्यानं दुसऱ्याच्या पिशवीतलं त्याच्या रायफलीत घातलं. आता सांग, दोन शब्द कुणी बोलायचे?"

रॉइसनं पॅनकेकवर पाक ओतला. आधीच ओतलेला होता, तरी ओतला.

कुणी तिच्या बाजूनं उठलं नाही. एक माणूस उठला नाही! याच लोकांनी तिच्या हातचं खाल्लंय. वेर्नानं शेवटचं काडतूस उकललं, बशी उचलली आणि बाहेर पडली. दुपारी ऑर्मंडच्या कोठारातनं तिनं आपली बिडाची भांडी आणली, सगळीच्या सगळी. ऑर्मंड दारात उभा राहून म्हणतो कसा, "भांडी पण?" भांडी कुणाची होती, बाबा?

त्या शरदात वेर्ना डोंगरात गेलीच. ऑर्मंडच्या छावणीत नाही. ओढ्याच्या अलीकडे तिनं भावंडांचा तंबू ठोकला, स्वतःच्या परवान्यावर, स्वतःच्या एल्कसाठी. पलीकडे ऑर्मंडचा पुतण्या डब्यातले घेवडे गरम करत होता, दिवसातनं तीन वेळा तेच. वारा तिकडे वाहायचा तेव्हा बिस्किटांचा वास कुठपर्यंत जायचा, ते सांगायला नको.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी रॉइस ओढा ओलांडून आला. गिऱ्हाइकं पलीकडच्या काठावरनं बघत होती. तंबूचं दार उघडंच होतं, बिस्किटांचा तवा समोरच, हात घातला असता तर पोचला असता. पण तो बाहेरच उभा राहिला.

"वेर्ना, एक बिस्किट घेऊ का?"

वेर्नानं वळून बघितलं. "विचारता येतं की तुला."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. पलीकडे ऐकू जाऊ दे. आणि बिस्किटाबद्दल नाही."

रॉइसनं काठाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं. मग ओरडून म्हणाला, "काडतुसं मी न विचारता घेतली होती! तिच्या काडतुसांत काही खोट नव्हती!"

ओढ्यावरनं आवाज चांगला जातो.

वेर्नानं त्याला दोन बिस्किटं दिली, गरम, लोणी लावून. आमच्यासारखा असता तर एकही दिलं नसतं. रॉइसनं तोंड भरल्या भरल्या खुंटीवरच्या चामडी पिशवीकडे नुसतं बघितलं.

"तिकडे बघू पण नकोस," वेर्ना म्हणाली.