अंगात काही लोखंड आहे का

मी जनावरांचा व्यापारी. बेल्ह्याच्या बाजारात लोकांची गुरं हाकण्यापासून सुरुवात केली, आज माझे स्वतःचे टेम्पो आहेत. वडिलांनी काही दिलं नाही, भावांनी काही ठेवलं नाही. जे मिळवलं ते एका सवयीवर. समोरचा माणूस जनावराबद्दल काय सांगतो ते मी ऐकत नाही, काय सांगायचं टाळतो ते बघतो. गाईच्या कासेचा एक सड बंद असला की मालक तिच्या शिंगांचं कौतुक फार करतो. बैल लंगडत असला की चालवून दाखवायच्या आधी चहा मागवतो. बाजारात माझ्यासमोर कुणी खोड लपवली आणि ती खपली, असं झालेलं नाही.

घरात मात्र झालं. मुलाचं लग्न होऊन नातू बालवाडीत जायला लागला, तोवर मला पत्ता नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सुनेची कंबर धरली. आधी नुसतं दुखत होतं, मग उजवा पाय बधिर पडायला लागला. एकदा नातवाला कडेवर घेऊन उभी होती, तर पाय गळून तशीच खाली बसली. हाडांच्या डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, टाचणी टोचली आणि म्हणाले, मणक्यातली गादी सरकली असावी, एमआरआय काढून आणा. नस फार दबली असेल तर पाय कायमचा जाईल, उशीर करू नका.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. शेजारी मुलगा, मागे सून आणि तिची आई. विहीणबाई लेकीच्या सेवेला पिंपरी पेंढारहून आल्या होत्या. पुण्याच्या वाटेवर एक सेंटर होतं, तिथं गेलो. मी काउंटरवर भाव करायला लागलो.

"काका, हा बाजार नाहीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"बाजार नाही, तर दारात एजंट कशाला उभा केलाय? मघाशी बाहेर मला म्हणत होता, दोन पेशंट आणा, तुमच्या कमिशनचं बघून घेतो."

ती हसली आणि आत विचारायला गेली. माझी पाठ बाकी मंडळींकडे होती. तेवढ्यात निळ्या कपड्यातला एक पोरगा, मशीन चालवणारा, आतून आला. त्याच्यामागे भिंतीवर मोठी पाटी होती : आत चुंबक आहे, मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतो. त्याने हातातला फॉर्म भरत, मान वर न करता सुनेला विचारलं, "अंगात काही लोखंड आहे का? पेसमेकर, क्लिप, रॉड, प्लेट, छर्रा..."

त्याचं बोलणं संपायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "काय नाय, काय नाय. बांगड्या काढल्यात, डोरलं काढलंय. काय नाय."

तो आवाज मी ओळखतो. लाथ मारणाऱ्या गाईचा मालक असाच बोलतो : एकदम गरीब हाय, लेकरू धार काढतं. तुम्ही विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं.

मी वळलो. विहीणबाई त्या पोराकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मुलगा बुटाच्या टोकाकडे बघत होता. आणि सुनेचा हात पदराखाली, डाव्या खांद्याच्या खाली गेला होता.

"काय आहे तिथं?" मी विचारलं.

"काय नाय हो पाव्हणं," विहीणबाई म्हणाल्या. "ल्हानपणी गाठ व्हती. काढली कवाच."

"तुम्हाला नाही विचारलं."

"आण्णा, हितं नको," मुलगा म्हणाला.

"इथं नको, तर कुठं? ती आत गेल्यावर?"

मशीनवाला वैतागला. "काका, पेशंट घ्यायचाय. मागं लाइन आहे."

सून पहिल्यांदाच बोलली. "मामा, मशीन हाय आत. हृदयाचं. बॅटरीवालं."

त्या पोराच्या हातातलं पेन थांबलं. तोपर्यंत त्याने तिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, आता बघितलं. तिचा दंड धरून त्याने तिला आतल्या दारापासून लांब, पार पाण्याच्या फिल्टरपाशी नेऊन बसवलं. "पेसमेकर? अहो, आत्ता विचारलं ना मी," तो म्हणाला, आणि मग भीतीने फार बोलत सुटला. चुंबकाने पेसमेकरच्या डबीचं काम बिघडतं. तारा तापतात. डबीवर ठोके चालू असतील तर ते थांबूसुद्धा शकतात. "डबीचं कार्ड कुठंय? कुठली कंपनी, कुठलं मॉडेल?"

"आमच्या घरी हाय. ट्रंकेत," विहीणबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळं बाहेर आलं. तिच्या हृदयाचे ठोके जन्मापासून कमी होते. शाळेत असताना डबी बसवली. लग्नाआधी, आम्ही बघायला जायच्याही आधी, ती बदलली. लग्न झाल्या झाल्या तिने माझ्या मुलाला सांगितलं. मुलाने ठरवलं की मला सांगायचं नाही. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, तिथल्या डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. माझी बायको बाळंतिणीला बघायला गेली तेव्हा तिलाही कळलं. म्हणजे घरात न कळलेला मी एकटा.

"एक्सरेला काय झालं नाय, सोनोग्राफीला काय झालं नाय," विहीणबाई मागे रडत होत्या. "आमाला वाटलं, ह्यो बी फोटोच. मोठा आसंल."

अडाणीपणाचा मला राग नाही. मी सातवी नापास आहे. किळस आली ती वेगळ्या गोष्टीची. मी जर त्या वेळी बाहेर चहा प्यायला गेलो असतो, तर ह्याच बाईने त्या पोराच्या कानात खरं सांगितलं असतं. तिने स्वतः मला तसं सांगितलं. मी चार पावलांवर उभा होतो, म्हणून माझ्या कानावर जाऊ नये म्हणून, पोटची पोर आत जायला निघाली तरी ही बाई गप्प. नवरा गप्प. पोर स्वतःही गप्प.

"मला का नाही सांगितलं?" मी मुलाला विचारलं.

"तुमी काय केलं असतं, ते सगळ्यांना म्हाईत व्हतं."

मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला खूप बोललो. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बघायला गेलो तेव्हा कळलं असतं तर मी चहाला तोंड न लावता उठलो असतो. लग्नानंतर कळलं असतं तर गाव गोळा केलं असतं. हे मी आजही नाकारत नाही. त्यामुळे ती किळस त्यांच्यावर टाकून मोकळं होता येत नाही, थोडी माझ्या अंगाला राहतेच.

पुढे पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर एक यंत्र ठेवून डबीत काय चाललंय ते सगळं वाचलं. आमच्या भागात पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याच्या अंगात चिप बसवतात, वनखात्याचा माणूस यंत्र फिरवून हा कुठला ते सांगतो. माझ्या घरात वावरणाऱ्या बाईच्या अंगात काय आहे, हे मला तसं परक्याकडून कळत होतं. डॉक्टर म्हणाले, हल्लीच्या काही डब्यांचं एमआरआय करता येतं, पण आधी डबी आणि तारा तपासून, सेटिंग बदलून, आमचा माणूस शेजारी उभा करून. हिची डबी त्या चालणाऱ्यांतली होती. पण मागे बदलताना एक जुनी तार काढता आली नव्हती, ती आतच राहिलेली. ती तार असताना नको, ते म्हणाले. सिटीस्कॅनवर भागवू. तसं भागलं. गादी सरकली होती, पण ऑपरेशनपर्यंत गेलं नव्हतं. औषधं, व्यायाम, वजन उचलणं बंद. पाय हळूहळू ताळ्यावर आला.

तोवर गावभर झालं होतं. बायका बघायला येत आणि तिच्या तोंडावर विचारत, "लाइट गेली तर काय करती गं?" एकीने विचारलं की रात्री चार्जिंगला लावावं लागतं का. ती हसून नाही म्हणायची. मला तिथं बसवत नसे. बाजारातही एकाने गाठलं. "शेठ, तुमालाबी खोड घावली नाय व्हय? तुमच्या व्याह्याला लई भारी गिऱ्हाईक भेटलं म्हनायचं, तुमी." मी त्याच्या टेम्पोची चावी काढून शेजारच्या उसात फेकली. दुपारपर्यंत शोधत होता.

मग एके दिवशी व्याही आले. स्वतः शेतकरी, बाजारात उठबस असलेला माणूस. ओसरीवर बसले, हवापाण्याचं बोलले.

"पाव्हणं, झालं ते झालं," शेवटी म्हणाले. "धाकटीचं जमवायचंय आजून. एकीला डबी हाय म्हनल्यावर दुसरीला कोन करंल? तुमी कुठं काय बोलू नगा. काय ते आपन ठरवू."

आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढे केला.

ज्यांनी गुरांचा बाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाव तोंडाने होत नाही. टॉवेलखाली हातात हात घालून, बोटं दाबून होतो, म्हणजे भोवतीच्यांना आकडा कळत नाही. आणि विकलेल्या जनावरात मागाहून खोड निघाली तर विकणारा पुढच्या बाजारी येतो, पुन्हा टॉवेल पसरतो, आणि खोडीचे पैसे कमी होतात.

माझा हात पुढे गेला. मी ठरवून केला नाही. सगळी हयात टॉवेल दिसला की हात जातो, तसा गेला. टॉवेलखाली त्यांची बोटं लागली. घामाने ओली होती, आणि त्यांनी बोट दाबायला सुरुवातही केली होती.

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती आमच्या तोंडाकडे बघत नव्हती. टॉवेलकडे बघत होती.

मी हात ओढून घेतला. तिने तांब्या खाली ठेवला, टॉवेल उचलला, घडी करून वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, कार्ड आणलंय का?"

"आगं, धाकटीचं..."

"धाकटीचं व्हईल न्हायतर नाय. कार्ड उद्याच्या जीपला पाठवा. माझ्यापाशी ऱ्हाईल ते." मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मामा, हितनं पुढं दवाखान्यात माझं मी सांगंन. तुमी कुनी बोलायचं नाय. तुमी काउंटरला भाव करा."

कार्ड दुसऱ्या दिवशी आलं. आता तिच्या पर्समध्ये असतं. तपासणीला मी तिला गाडीतून नेतो, ती एकटी आत जाते, मी बाहेर बाकावर बसतो.

व्याह्यांशी मी अजून बोलत नाही. त्यांनी पोटच्या पोरीचा भाव करायला टॉवेल पसरला, हे मी विसरणार नाही. आणि मी टॉवेलखाली हात दिला, हे ती विसरलेली नाही. पूर्वी ती चहाचा कप माझ्या हातात द्यायची. आता समोर स्टुलावर ठेवते आणि आत जाते.