कानावर घालणारे नाना

नाना आमच्या घरी आले की आधी कुणाचं तरी कौतुक करायचे. कौतुक जितकं वाढेल, तितकी माझी आई गप्प होत जायची. मला ते लहानपणी कळत नसे.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचं गाव जळकोटपासून जवळ, तिथं त्यांना सगळे मानत. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की मयतीची तयारी असो, नाना पुढं. मी बारावी पास झाले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. "आपल्या घराण्याचं नाव काढणार बघा ही," असं ते दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले होते. ते खोटं नव्हतं, असं मला अजून वाटतं.

शेजारची सुमन माझ्यासोबत तुळजापूरच्या कॉलेजात होती. एके दिवशी नाना तिच्या वडिलांपाशी बसले. मी ओसरीवर होते, म्हणून ऐकलं. "पोरगी वाघीण हाय तुमची. भीत न्हाय कुणाला. बसमधी समद्यांशी हसून बोलती." मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "म्या काय म्हणत न्हाय. जग लई वंगाळ, एवढंच."

पुढच्या आठवड्यात सुमनचं कॉलेज सुटलं. उन्हाळ्यात लग्न झालं. पंगतीत सगळ्यात जास्त राबले ते नानाच. निरोप देताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मराठीच्या तासाला आमच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं : कान भरणे, कान फुंकणे, पढवणे, चिथावणे, काडी लावणे. मी एकेक शब्द नानांना लावून बघितला. एकही नीट बसेना. ते कुणाचं वाईट बोललेच नव्हते.

मला राहवलं नाही. बसस्टँडवर ते भेटले तेव्हा धीर करून विचारलं, "नाना, तुम्ही सुमनच्या वडिलांचे कान भरले का?"

ते मोठ्यानं हसले. "येडी का काय गं तू? कान भरणं म्हंजी खोटं सांगणं. ती हसून बोलत न्हवती व्हय बसमधी?"

"बोलायची. पण..."

"मग? म्या नुसतं कानावर घातलं. घरच्या माणसानं न्हाय घालायचं तर कुणी?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात मायेचाच होता. "लई हुशार झालीस गं. सांगतो तुझ्या बापाला."

त्याच संध्याकाळी ते आले. आईनं चहा ठेवला. "पोरगी लई हुशार झाली बरं का," नाना दादांना म्हणाले. "मोठ्या माणसाला इचारायला भीत न्हाय आता. बरं वाटलं मला." दादा हसले. पण नाना गेल्यावर आईला हळूच म्हणाले, "आपली सुमनसारखी तर न्हाय ना होणार?" सुमननं नेमकं काय केलं होतं, हे आईनं विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि नाना आजारी पडले. दादा रोज त्यांच्या उशाशी बसायचे. नाना गेले तेव्हा अख्खं गाव लोटलं. जो तो म्हणत होता, "देवमाणूस. कधी कुणाला वाईट बोलला न्हाय." मीही रडले.

तेरावं झाल्यावर मी भीत भीत दादांना म्हणाले, "तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झालेत."

दादा म्हणाले, "नानानं जाताना तुझं नाव घेतलं व्हतं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. नुसतं नाव घेतलं, अन् मान हलवली."

"म्हणजे काय दादा?"

"आता कुणाला इचारायचं?" ते उठले. "यंदाचं वर्ष राहू दे."