परवानगी येईपर्यंत

शर्टाच्या खिशात सर नेहमी थोडा धानाचा भुसा ठेवत. मैदानावर पोचले की चिमूटभर काढून खांद्याच्या उंचीवरून सोडत आणि तो कुठे जातो ते डोळे बारीक करून पाहत. मग पोरांकडे वळून म्हणत, "आधी इचारा, मंग उडवा." हवेला विचारायचं, मोबाइलमधल्या नकाशाला विचारायचं, शेताच्या मालकाला विचारायचं. आमच्या वाचनालयात ते रोज येत, आणि रोज दारातूनच विचारत, "येऊ का जी?" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला स्वतःच्या घरातही खुर्ची ओढून घ्यायला संकोच वाटतो.

कोरपन्याकडच्या एका कारखान्यात ते वीसेक वर्षं वायरमन होते. पन्नाशीत नोकरी सोडली, नागपूरला जाऊन ड्रोन शिकले आणि मूल शहराजवळच्या आमच्या गावी परतून वाचनालयाच्या मागच्या खोलीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा वर्ग काढला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय पायलटचं प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून भिंतीवर प्रत्येकाच्या अठराव्या वाढदिवसाचा कागद लावलेला. तोवर तयारी करायची. नियम, बॅटरी, बायोडाटा, मुलाखतीला गेल्यावर हात कुठे ठेवायचे.

ड्रोन एकच होता, आणि वाचनालय मी सांभाळत असल्याने तो माझ्या कपाटात कुलपात. रोजच्या सरावाला साबणाच्या वडीत दोन काड्या खोचलेला रिमोट, आणि ड्रोन म्हणजे स्वतः सर. डोक्यावर बांबूचं सूप धरून हा भारी अंगाचा माणूस बांधाबांधाने पळायचा. पोरांनी डावी काडी दाबून ओरडायचं, सरांनी वळायचं.

"मास्तर, काय अंगात आलं काजी?" सायकलवरून जाणारे विचारत.

एकदा प्रणालीने त्यांना सरळ चिखलाने भरलेल्या धानाच्या बांधीत नेऊन घातलं. "सर, थांबा म्हणलं न मी!"

"उशिरा म्हणलं. दोन लाखाचा माल बुडवला तू," ते चिखलात बसूनच म्हणाले आणि हसत राहिले. प्रणाली वर्गातली सगळ्यात तरबेज. वडील राइस मिलमध्ये, आई मिळेल त्या कामावर. 

दोन वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या दिवसांत, प्रणालीला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने उरले असताना, तिची आई पहाटे फुलं वेचायला जंगलात गेली. सोबतच्या बाया परतल्या, ती नाही. दुपारी दोनच्या सुमारास प्रणाली आणि तिचा काका वर्गात धावत आले.

"सर, माय नाई आली घरी. टोपली सापडली नुसती. ड्रोन काढा."

सरांनी नकाशा उघडला. आमच्या केंद्राला मैदानापुरती परवानगी होती. त्यापलीकडचं जंगल लाल, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवायला बंदी. त्यांनी अर्ज पाठवला, कचेऱ्यांना फोन केले. हा साहेब दौऱ्यावर, तो साहेब मीटिंगमध्ये.

"येऊन राह्यली परवानगी," ते म्हणाले.

"जंगल काय कोनाच्या बापाचं हाये?" काका ओरडला.

"तसं नाई भाऊ. उडवलं तं केंद्र बंद होते. या नऊ पोरायचं काय? इथी एकदा पोलिसात नाव चढलं का उतरत नाई."

प्रणाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंग तुमचं नाव चढू द्या न, सर."

सर मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवत राहिले. कपाटाची किल्ली माझ्या खणात होती. मीही ती काढली नाही. काकाने थुंकून पाठ फिरवली आणि माणसं काठ्या घेऊन पायी निघाली. अंधार पडेपर्यंत सगळे शोधत राहिले, पण तलावाच्या बाजूला.

परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ड्रोन सरांनी स्वतः उडवला. अकराव्या मिनिटाला, तलावाच्या उलट दिशेला, नाल्याच्या कोरड्या पात्रात हिरवं लुगडं दिसलं. अस्वलाने गाठलं होतं. बाई तिथून बरीच सरपटत आली होती. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत जीव असावा.

गावात कुणी त्यांना शिवी दिली नाही. उलट लोक म्हणत, सर पोरांसाठी थांबले, त्यांचा काय दोष. पोरं परीक्षेला गेली, पास झाली. प्रणाली गेली नाही. पुढची तुकडी सरांनी घेतलीच नाही. भिंतीवरचा वाढदिवसांचा कागद त्यांनी एका दुपारी हलक्या हाताने काढला आणि घडी करून घरी नेला.

एकदा वर्तमानपत्र वाचता वाचता, मी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "पोरायसाठी थांबलो म्हणतात. तुमी तसं समजू नका. मले माहं नाव दिसत होतं पोलिसायच्या वहीत. मी भेलो." मग पान उलटून बाजारभाव वाचू लागले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, असं घरचे म्हणाले. माणसं बरीच जमली होती. प्रणाली आली नाही. मी वाटेकडे पाहत होतो.

तिने पुढे नागपूरला जाऊन प्रमाणपत्र घेतलं. आता मूलकडे धानावर फवारणी करते. मरणाच्या दोनेक महिने आधी सर तिथे गेले होते, मला बरोबर घेऊन. ती बांधीच्या पलीकडे उभी होती, तोंडाला रुमाल, हातात रिमोट. सर दूर बाभळीजवळ थांबले, पुढे गेले नाहीत. तिने आम्हाला पाहिलं. ड्रोन अर्ध्या शेतावर होता. तिने तो मागे आणला, खाली घेतला, बंद केला, आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मालक ओरडत होता, "काऊन थांबवलं व?" ती हलली नाही. आम्ही असेपर्यंत ती हलणार नव्हती, हे सरांना माझ्या आधी कळलं.

परतताना नहराच्या पुलावर ते थांबले. मग म्हणाले, "उतरवला मातर चांगला तिनं. पाहिलं न तुमी? पान हाललं नाई धानाचं."