डाव्या दाराचा दिवा

सावली गावच्या मुखरू मिस्त्रीला दार आपटलेलं खपत नसे. मग ते मोटारीचं असो, भातगिरणीचं असो, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याचं. "दार लावाव कसं, तं निजल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढते तसं," असं तो म्हणायचा, आणि ऐकणारे हसायचे. पण आसपासच्या पाच-सहा गावांत कुठला कोयंडा अडला, कुठला खटका बसेना, की हेच हसणारे त्याच्या अंगणात येऊन बसायचे. तरुणपणी चार वर्षं बल्लारपूरला एका मोटार दुरुस्तीच्या छपरीत हात काळे केले, तेवढीच त्याची शाळा.

असल्या माणसानं जन्मात एकदाच दार आपटलं, आणि ते आपल्या एकुलत्या एका पोरीच्या तोंडावर.

तीन वर्षं झाली होती त्याला. कमळाचं लग्न वैनगंगेपलीकडच्या गावात झालं. तिला नदीच्या थडीपर्यंत सोडायला गावातल्या नानाजीची भाड्याची मोटार सांगितली होती. मोटार लढाईच्या आधीची, एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची. मालगुजारी गेली, मोटार नानाजीकडे आली, आणि मालगुजार ज्या गादीवर बसायचे तिथे आता नवऱ्या, बाळंतिणी आणि जत्रेकरू बसू लागले. कमळा मागच्या डाव्या दारानं आत बसली. दार उघडं होतं तोवर छताला एक इवलासा दिवा जळत होता. दार लागलं, दिवा विझला. पोरगी रडता रडता थांबली. तिनं दार उघडलं, दिवा लागला. लावलं, विझला.

"बाबा, पाहा ना! दार उघडलं का दिवा लागते!"

गावात तेव्हा वीज कुठली! डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, असं ते तोंड मुखरूनं दिव्याच्या उजेडात पाहिलं. बायका मोटारीवर अक्षता उधळत होत्या, त्याची बायको गुणाबाई पोरीचा पदर सोडत नव्हती. आता आणखी एकदा तिनं दार उघडलं तर आपण तिला खाली उतरवून घेऊ, असं त्याला वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी दार आपटलं. सगळी मोटार हादरली.

त्यानंतर कमळा माहेरी आली नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरी बाई नाही. दुसऱ्या वर्षी मुखरू मुराळी म्हणून पोरीला आणायला गेला. नथ्थू व्याही माणूस वाईट नव्हता, पण मोठा ताठ. "मोटारीनं आली सून, तिले पायी कशी धाडू? आमचीबी काही इज्जत हाय," म्हणाला. मुखरू रिकाम्या हातानं परतला. गुणाबाईनं दारातून पाहिलं आणि भाकरी टाकायचीच थांबली. तिच्या माहेरच्या रिवाजात मुराळ्यानं एकदा नदीचं पाणी ओलांडलं की पोरगी घेऊनच परतायचं असतं. रिकामा परतला तर पोरीचं माहेर तुटतं.

"आता पाणी ओलांडू नका," तिनं बजावलं. "त्याईनं पोट्टी इकडल्या थडीवर आणून द्याव. तुमी थडीवरच उभे राहा."

वर्षभर निरोप येत-जात राहिले आणि यंदा ठरलं. मार्कंड्याच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दिवस बुडायच्या आत, मुखरूनं मोटार घेऊन थडीवर यावं; डोंगेवाला झिंगू कमळाला अलीकडे आणील. गुणाबाईनं मुरमुऱ्याचे लाडू बांधले, जवसाची चटणी कुटली. आणि त्या दिवशी सकाळीच नानाजी अंगणात येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, मोटार काही येत नाई आज."

"काऊन?"

"ते मागचं डावं दार चालता चालता उघडते. काल जत्रेची एक बाई पडता पडता वाचली. अन् बॅटरी रोज सकाळी मरून पडते. मी हँडल मारून मारून मेलो! थडीवर बंद पडली तं ढकलाले कोन, तुमचा व्याही?"

"आन इकडं. दुपारपर्यंत देतो करून."

"दुपारपर्यंत? हे दार दोघा मिस्त्र्याईनं पाह्यलं, भाऊ."

"पाह्यलं असन. हात लावला नसन."

मोटार कडुनिंबाखाली लागली. मुखरूनं आधी काहीच उघडलं नाही. दार नुसतं लावलं, कान देऊन ऐकलं, पुन्हा लावलं. खटक्याला दोन खाचा असतात. दार पहिलीत अडकत होतं, दुसरीत जातच नव्हतं. म्हणून ते लागल्यासारखं दिसे आणि खड्ड्यात उघडे. वर छताला दिवा तसाच जळत होता. दाराच्या खांबात सुपारीएवढी एक बोंडी होती. दार पुरतं बसलं की ती दबायची आणि दिवा विझायचा.

"हे पाह्य, तुई बॅटरी कोन खाते ते," मुखरू म्हणाला. "दार पुरं लागत नाई, बोंडी दबत नाई, दिवा रातभर जयते. दिवसा उन्हात तुले तो दिसत नाई, अन् रात्री तू मोटारीवर ताडपत्री टाकून निजतं."

नानाजीनं कपाळावर हात मारला. "अन् मी बॅटरीले शिव्या देऊन राह्यलो!"

मुखरूनं गुणाबाईकडून काजळाची डबी मागून घेतली. दाराच्या जिभेला काजळ फासलं आणि दार हळूच टेकवलं. खांबावरच्या पट्टीवर काळा ठसा उमटला तो भोकाच्या चांगला बोटभर खाली. दार बिजागरीवर लोंबलं होतं, आणि पट्टीही आपल्या जागेवरून सरकून तिरपी झाली होती. वरच्या स्क्रूचे आटे गेलेले.

"हे झिजून झालं नाई," मुखरू पट्टीवर बोट फिरवत म्हणाला. "कोनंतरी एकदाच दणका देल्ला."

नानाजीनं तंबाखूची डबी काढली. मग तंबाखू मळत म्हणाला, "तवापासूनच वाजून राह्यलं ते, मिस्त्री. कमळाबाईले नेलं तवापासून. मी म्हटलं, तुमाले कायले सांगाव."

मुखरूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं बिजागरीखाली पट्ट्या सरकवल्या, दार वर उचललं. पट्टी सरळ करून नवे, थोडे जाड स्क्रू बसवले. पुन्हा काजळ, पुन्हा ठसा. चौथ्यांदा ठसा बरोबर भोकावर आला. त्यानं दोन बोटांनी दार लोटलं, आणि ते पहिली खाच ओलांडून दुसरीत जाऊन बसलं. आवाज झाला न झाला.

पण दिवा जळतच होता.

"आता?" नानाजीनं विचारलं.

मुखरूनं बोंडी पिळून बाहेर काढली. भोकात दाभण घातलं तर टोकाला काहीतरी टणक लागलं. त्यानं टोकरून टोकरून ते तळहातावर पाडलं. हळदीचे तांदूळ होते. कितीतरी पावसाळ्यांत फुगून, वाळून, एकमेकांना चिकटून त्यांचा खडा झाला होता, आणि त्या खड्यानं बोंडीला आत जाऊ दिलं नव्हतं.

"घ्या!" नानाजी हसला. "आपल्या बायका नवरीवर अक्षता टाकतेत का मोटारीत पेरतेत? सगळ्या नवऱ्या याच दारानं बसल्या ना."

गुणाबाई ओसरीवरून उतरून आली. तिनं तो खडा नखानं फोडला, दाणे वेगळे केले. यातले आपल्या पोरीच्या अंगावरून घरंगळलेले कुठले, हे कसं कळावं! तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग सगळेच पदराच्या गाठीला बांधून आत गेली.

बोंडी पुसून बसवली. दार लावलं, दिवा विझला. मुखरूनं काचेतून वाकून दोनदा खात्री केली.

चार वाजता मोटार निघाली. खड्ड्यांतून, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून डावं दार खिळल्यासारखं राहिलं. मागच्या गादीवर लाडवांचं गाठोडं तेवढं एकटं बसलं होतं. मुखरू पुढे बसूनही दर खड्ड्याला मान मागे वळवायचा.

"बस ना, मिस्त्री," नानाजी म्हणाला, "लाडू उडी टाकत नाई."

थडीवर पोचले तेव्हा ऊन अजून पाण्यावर होतं. पाणी अलीकडच्या काठाला, पलीकडे लांबच लांब वाळू. झिंगूचा डोंगा मध्यावर होता, आणि डोंग्यात झिंगू एकटाच होता. मुखरूला वाटलं, खाली वाकून बसली असेल.

झिंगूनं डोंगा काठाला लावला, पण तो लगेच उतरला नाही.

"भाऊ, कमळाबाईची सासू गेली. आज पहाटे."

मुखरूनं डोंग्याची कड धरली.

"घरात सुतक. तेरवीपर्यंत सून उंबऱ्याबाहेर कशी पडन? नथ्थूभाऊनं सांगतलं, तेरवी झाल्यावर पाहू म्हनून."

'पाहू' म्हणजे काय ते मुखरूला समजलं. आजवर घरात सासू तरी होती, अंथरुणावर का होईना. आता त्या घरात बाईमाणूस एकटी कमळाच. चूल कोण पेटवील, धान कोण कांडील? कोण तिला धाडील?

"डोंग्यात बसतं का?" झिंगूनं विचारलं. "मी नेतो. तोंड पाहून येजो."

मुखरूचा पाय उचलला गेला होता. पाण्याच्या काठाशी जाऊन तो थांबला. गुणाबाईचं बोलणं आठवलं. पाणी ओलांडायचं तर परत तिला घेऊनच यायचं. आणि आज ती येणार नव्हती. त्यानं मान हलवली. गाठोडंही सुतकाच्या घरात द्यायचं नव्हतं. ते त्यानं झिंगूच्या लेकरांसाठी डोंग्यात ठेवलं.

"मंग निघाचं?" नानाजी हळूच म्हणाला.

तेवढ्यात झिंगूनं पलीकडे हात केला. वाळूच्या कडेला, पाण्याजवळ, एक बाई येऊन उभी राहिली होती. कडेवर घागर. आवाज पोचला असता, पण शब्द पोचले नसते इतकी दूर. सुतक असलं तरी पाणी भरायला कोणाला तरी यावंच लागतं. ती पाणी भरत नव्हती. मोटारीकडे पाहत होती.

मुखरूनं हात वर केला. ती हलली नाही. दिवस बुडाला होता, आणि बुडत्या उजेडाकडे पाठ करून उभा असलेला माणूस आपला बाप आहे की दुसरा कोणी, हे तिला कळत नसेल. तो मोटारीकडे आला. मागचं डावं दार उघडलं.

दिवा लागला.

लावलं. विझला. उघडलं. लागला.

पलीकडे घागर खाली ठेवली गेली. पदर डोळ्यांना गेला की हात वर झाला, इथून दिसेना. पण ती दोन पावलं पुढे, पाण्यात आली.

नानाजी म्हणणार होता की बॅटरी उतरेल. त्यानं तंबाखूची डबी खिशात घातली आणि आपणहून उजवीकडचं दारही उघडून ठेवलं.

मुखरू उघड्या दाराशी उभा राहिला. वाळू करडी झाली, मग काळपट. ती अजून तिथंच होती, गुडघाभर पाण्यात.

"आता जाईन ना ते पोट्टी घरी," मुखरू स्वतःशीच पुटपुटला. "अंधार पडून राह्यला. काऊन जात नाई?"

"दिवा जयते तवरी कमळाबाई कशी जाईन, मिस्त्री?" झिंगू म्हणाला.

मुखरूनं त्याच्याकडे पाहिलं. मग दिव्याकडे. वळसा घालून तो उजवीकडे गेला, ते दार लावलं. परत डावीकडे आला. पट्टीवर अजून सकाळच्या काजळाचा पुसट ठसा होता. त्यानं दाराच्या कडेला दोन बोटं टेकवली, पण लोटवेना. पलीकडे ती वाट पाहत होती. अखेर त्यानं बोटं पुढे नेली, सावकाश, निजल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा तशी. खटका दुसऱ्या खाचेत बसला.

दिवा विझला. पलीकडे घागर भरल्याचा आवाज पाण्यावरून इकडे आला.