मागून आणलेला पंप

"शिवलीस! वेलाला शिवलीस तू!"

आई बांधावरून ओरडत होती. तिचा आवाज म्हणजे साधं प्रकरण नाही. ती आमच्या रानातून हाक मारते तेव्हा गेवराईच्या स्टँडवरचा ड्रायव्हर कुणीतरी राहिलं म्हणून एसटी थांबवतो. त्या दिवशी तर विहिरीतले पारवे असे उडाले की उमापूर ओलांडून गेले, ते अजून आलेले नाहीत.

समोर माझी बायको उभी, हातात खुरपं, मान खाली. दोघींच्या मधे अर्धा एकर काकडी. चार दिवसांपूर्वी पंजासारखी उघडलेली पानं मुठीसारखी आवळून गेलेली. शेंडे डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले. फूल एक नाही.

"कशानं जळालं म्हनते मी! चार दिस दूर बसायचं, तर म्हाराणी भर सरीत पळत व्हती!"

"म्हशीची वगार शिरली व्हती, आत्या. हाकलाया गेले."

"वगारीनं दोन वेल खाल्ले असते. तू समदं रान खाल्लंस!"

पाळीच्या चार दिवसांत बाई वेलाला शिवली की वेल जळतो, असं आमच्याकडं मानतात. त्या दिवसांत चूल नको, देव नको, भाजीचं रान तर मुळीच नको. शेण काढायला, धुणं धुवायला, हौदावरची कामं करायला मात्र चालतं. विटाळाला कुठली कामं अडवायची ते बरोबर कळतं.

मी तिथंच उभा होतो. आणि वेल कशानं जळाले हे त्या रानात मला पक्कं माहीत होतं.

ती काकडी तिची होती. बी तिनं धरलेलं, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं. संक्रांत सरली, थंडी मोडली, तशी एकेका आळ्यात दोन-दोन बिया टाकत ती अख्खी लावण एकटीनं वाकून करून गेली. मी काय केलं? नारळ फोडला आणि खोबरं खाल्लं. पुढं माव्याची कीड पडली तेव्हा फवारणी तेवढी माझ्याकडं आली. आमचा पंप गळका, म्हणून शेजाऱ्याचा मागायला गेलो.

शेजारी उसवाला. तो म्हणाला, "धुऊन घे बे नीट. उसातलं तण मारलंय त्यानं. भाजीला वास जरी लागला तरी खेळ खलास."

"हाव हाव," म्हणालो.

पण त्याच्या बांधावर दोन माणसं बसलेली. माणसं बसलेली दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. मागच्या साली आमच्या काकडीचा एक वेल बांध ओलांडून कसा निघाला, सडकेनं रांगत बाजाराला कसा पोचला, आणि मी जाईपर्यंत त्यानं निम्मी काकडी कशी विकून टाकली होती, ते सांगितलं. वेल परत येताना रिक्षानं आला, इथवर गोष्ट पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. तळातलं पाणीसुद्धा न ओतता मी त्याच पंपात औषध कालवलं आणि पाच पंप मारून मोकळा झालो. पंप हौदापाशी टाकला, जेवलो, आडवा झालो. वगार शिरली ती त्याच दुपारी. मी झोपलो होतो म्हणून हाकलायला बायको पळाली.

आता आई ओरडत होती आणि मी तोंड उघडलं.

"उन्हाची झळ बसली असंल, आई."

"झळ? मंग पल्याडच्या रानातल्या वेलाला काय छत्री लावलीया?"

आजवर माझी गोष्ट कधी अडली नव्हती. त्या दिवशी रचायचीही नव्हती, नुसती सांगायची होती. बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं, खुरपं बांधावर ठेवलं आणि घराकडं गेली.

होळीच्या आत वेल उपटून टाकले. आईचा आवाज गावभर पोचलेलाच होता. तोडणीला, खुरपणीला बायका तिला हाक मारीनात. "तू कांद्यात ये बाई, वेलात नगं," असं एकीनं तर गोड हसून सांगितलं. मग ती कुणाच्या वेलात गेली नाही, आपल्याही नाही. पाळी नसतानासुद्धा बांधापर्यंत यायची, भाकरी ठेवायची, वळायची. आईनं मागून स्वतः दोडका लावला. चार वेल आले, तेही एकमेकांवर रुसल्यासारखे.

आणि मी? टपरीवर एकानं विचारलं, "काय बे, काकडीचं काय झालं?" माणसं बसलेली होती. मी म्हणालो, "आमची बायको नुसती बांधावरून गेली तर बोर वाळली, बाभळीनं काटे टाकले!" सगळे हसले. दोन चहा मिळाले. चार दिवसांनी तीच गोष्ट हापशावर बायका सांगत होत्या, आणि घागर घेऊन माझी बायको रांगेत उभी होती. हे मला आईनं सांगितलं, तिनं नाही.

यंदा संक्रांत सरली. ओट्यावर बसून तिनं राखेतलं उरलेलं बी निवडलं आणि गाडगं माझ्यापुढं सरकवलं.

"घ्या. दोन-दोन टाका. बोटाच्या पेराएवढं खोल."

"तू चल की."

"न्हाई."

"आई काय म्हनत न्हाई आता."

"मी न्हाई येत."

ती सूप उचलून पोचट बी पाखडत राहिली. तिच्या हाताला राख लागलेली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, म्हणून लवकर संपलं.

"ते तुझ्यानं न्हाई जळालं. शेजाऱ्याच्या पंपात उसाचं तणनाशक व्हतं. मी धुतला न्हवता."

सूप थांबलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दुपारी हौदावर मीच धुतला. उसाच्या औषधाचा वास सुटला व्हता."