आता मांडलाच आहे तर

आमच्या बोरी अरबमध्ये कुणाकडे चहा प्यायचा असेल तर आधी नाही म्हणावं लागतं. घरची बाई विचारते, "चहा मांडू का जी?" आपण म्हणायचं, "नाई नाई, आताच झाला." ती म्हणते, "घ्या ना अर्धा कप." आपण म्हणायचं, "कायले तरास?" तिसऱ्यांदा ती विचारतच नाही, आतूनच ओरडून सांगते, "मांडला बी!" मग आपण मांडी नीट घालून म्हणतो, "आता मांडलाच हाय त द्या." यातलं काहीही गाळून चालत नाही. पहिल्याच विचारण्याला 'द्या' म्हणणाऱ्याबद्दल तो गेल्यावर घरात बोललं जातं. आणि एकदाच विचारून गप्प बसणाऱ्या बाईबद्दल गावभर.

समोरच्या घरच्या विमलताई गावंडे या प्रकारात पट्टीच्या. रोज संध्याकाळी त्या माझ्या बायकोशी बोलायला आमच्या ओट्यावर येतात आणि रोज हे सगळं साग्रसंगीत होतं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. मला चहा लागतो तेव्हा लगेच लागतो, आणि या बायकांच्या नाही-होपायी माझा कप रोज उशिरा येतो. एकदा वैतागून विचारलं, "वहिनी, रोज पेता, मंग रोज नाई काहून म्हन्ता?" त्या माझ्याकडे शाळकरी पोराकडे पाहावं तशा पाहत म्हणाल्या, "बाप्पा! भाऊजी, एकदम हो म्हन्लं त बरं दिसते का?"

अर्पिता त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच शाळेत शिकली, पुढे दारव्ह्याला आणि यवतमाळला शिकून इंग्रजीची शिक्षिका म्हणून त्याच शाळेत परत आली. आवाज असा खणखणीत, की तिचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात माझी कविता बंद पडायची. पुस्तक बाजूला ठेवून ती पोरांना बसस्टँडवर असल्यासारखं उभं करायची. एक कंडक्टर, एक म्हातारी, एक सुट्ट्या पैशांवरून भांडणारा, आणि भांडण इंग्रजीतूनच. शाळा विनाअनुदानित. अनुदान येणार, येणार म्हणता म्हणता अर्पिताची तिशी उलटली. लग्न जमत नव्हतं, तेव्हा तिनेच एक दिवस जमवणं सोडलं. बाप त्याआधीच गेला होता. मग यवतमाळच्या एका मैत्रिणीच्या ओळखीने ओमानमधल्या निझवा गावच्या खासगी शाळेत तिला नोकरी मिळाली, आणि बोरी अरबची पोरगी अरबात चालली म्हणून गावाने महिनाभर दात काढले. दात काढणाऱ्यांतला मीही एक होतो. पण ती ट्रॅव्हल्समध्ये बसली तेव्हा सगळ्यात जास्त मीच रडलो, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

तिकडे सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी दुपारी विमलताई फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून बसत आणि आम्हा दोघांनाही बोलावून घेत. अर्पिता तिकडचे डोंगर दाखवायची. झाड नाही, झुडूप नाही, भाजून काढल्यासारखे तपकिरी डोंगर. खाली खजुराची दाट बाग. वर्गातल्या मुली मायाळू, कुणाच्याही घरी गेलं की खजूर आणि कॉफी समोर येते, असं ती सांगायची. तिथली पोरंही आता बसस्टँडचं भांडण करत होती, फक्त म्हातारीच्या जागी बकरी घेऊन निघालेले आजोबा आले होते. राहायला मात्र एका फ्लॅटमध्ये तिघी शिक्षिका. अर्पिता ज्वारीचं पीठ आणि गावचं तिखट घेऊन गेली होती. तिने फोडणी दिली की केरळची सुजा, तीही इंग्रजीचीच, शिंकत शिंकत बाल्कनीत पळायची. हे सगळं ती हसून सांगायची. एकदाच, विमलताई पाणी आणायला आत गेल्या होत्या तेव्हा मला म्हणाली, "काका, बाकीचे दिवस शाळेत निंघून जातात. शुक्रवार मले खाते."

म्हणून तिला शाळेचं घर हवं होतं. इंग्रजी विभागाच्या प्रमुखाला शाळेच्या आवारात दोन खोल्यांचं घर मिळतं आणि घरचं एक माणूस सोबत ठेवता येतं. तिने आईला फोनवर सांगितलंही, "माय, मले हे भेटलं त तुले घेऊन येईन." विमलताई म्हणाल्या, "मी कायले येऊ व?" पण त्याच हिवाळ्यात माझ्यासोबत येऊन पासपोर्ट करून घेतला. वाटेत मी चिडवलं तर म्हणाल्या, "असू द्या घरात. भाकर मांगते का ते?"

मुख्याध्यापिका आयर्लंडची, मिस हेलन. गावात आम्ही तिची हेलनताई करून टाकली होती. या हेलनताईने एका दुपारी अर्पिताला बोलावलं आणि सरळ विचारलं, विभागप्रमुख होशील का? अर्पिताला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आणि ती काय म्हणाली असेल? म्हणाली, नको नको, माझ्याहून अनुभवी माणसं आहेत, मला कुठे जमणार! आमच्या गावात हे उत्तर ऐकून समोरचा म्हणाला असता, वा वा, तुम्हाला नाही तर कुणाला जमणार? हेलनताई म्हणाली, तू प्रामाणिकपणे सांगितलंस, मला आवडलं. अर्पिता दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिली. जिन्यात हेलनताई दिसली की मुद्दाम हळू चालायची. दुसरं विचारणं आलंच नाही. प्रमुखपद सुजाला गेलं, आणि नव्या घरी सामान हलवायला अर्पितानेच तिला मदत केली.

त्या शुक्रवारी हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अवं, पोट्ट्यायले जिंदगीभर इंग्रजी शिकवते अन् तुले हो म्हनता येत नाई?" ती खाली मान घालून बसली. विमलताईंनी मलाच झापलं. "पोरीले काहून बोलता? तिनं बराबरच केलं. एकदम हो म्हन्लं असतं त लोकायनं काय म्हन्लं असतं?" म्हणजे जिच्यासाठी ते घर हवं होतं तिनेच शाबासकी दिली.

अर्पिता मात्र त्यातून बदलली. म्हणाली, "काका, इथं एकच बारी इचारते. नाई म्हन्लं की नाई." पुढच्या वर्षी सुजा नवऱ्याकडे मस्कतला गेली आणि हेलनताईने पुन्हा विचारायला सुरुवात केली, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत अर्पिता 'हो' म्हणाली. हेलनताई हसत सुटली म्हणे. घर मिळालं. आणि जुलैच्या सुट्टीत ती आईला विचारायला गावी यायची ठरली.

इकडे विमलताई कुणाला काही बोलल्या नाहीत. पण समोरासमोर राहणाऱ्या माणसांपासून काय लपतं? उन्हाळ्यात त्यांनी दारची गाय तांड्यावरच्या गंगीला देऊन टाकली. गंगी त्यांच्या वावरात तण निंदायला येते. तिला म्हणाल्या, "चाऱ्याचं जमत नाई व माह्याच्यानं." चारा तर कोठाभर होता. मग एक दिवस बायको मला ओढत खिडकीशी घेऊन गेली. समोर दारव्ह्याच्या बाजारातले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून विमलताई अंगणात फेऱ्या मारत होत्या. जन्मभर चपलेत वावरलेली बाई, नऊवारीचा काठ हातात धरून, पाण्यातून चालावं तसा एकेक पाय उचलत होती. तिकडची फरशी चपलेतूनही भाजते, असं अर्पिता कधीतरी फोनवर बोलली होती. आम्ही दोघं खिडकीतून मागे झालो आणि त्याबद्दल त्यांना कधीच काही विचारलं नाही.

अर्पिता आली त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडेच जेवायला होतो. विमलताई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. अर्पिताने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "माय, घर भेटलं. तू येशीन का माह्यासंगं राह्याले?"

विमलताईंनी वर न पाहता भाकर उलटली. "नको व बाप्पा. मले काय करा लागते तिथं? मी आपली इथंच बरी."

"बरं," अर्पिता म्हणाली. "तुह्यी मर्जी." आणि तिने ताट परत ओढलं.

विमलताईंचा हात तव्यावर तसाच राहिला. त्या थांबल्या होत्या, हे मला दिसत होतं, माझ्या बायकोला दिसत होतं. पुढचं काही आलं नाही. ती भाकर जळाली. त्या घरात जळकी भाकर मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्पिताला ओट्यावर गाठलं. ती रात्रभर रडलेली दिसत होती. "मोठ्या मानसाचं नाई हे नाईच असते न काका," ती म्हणाली. "तिचं घर हाय, वावर हाय, मानसं हायत. मी जबरदस्ती कराव का?"

"अवं, पन तुनं एकच बारी इचारलं!"

मग मी तिला गाईचं सांगितलं. बुटांचंही सांगितलं.

"बूट?" ती म्हणाली. "माय बूट घालते?"

"खाटेखाली खोक्यात हायत, काकूनं पाह्यले."

ती तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "म्या खाट घेऊन ठेवली हाय काका. घर भेटल्या भेटल्याच. खिडकीपाशी टाकली."

"मंग सांग न तिले!"

"तिनं नाई म्हन्ल्यावर कसं सांगू? तिच्यावर दडपन येईन."

"त आन ना दडपन!" मी असा ओरडलो की रस्त्याने जाणारा सायकलवाला उतरून उभा राहिला. मला राग तिचा आला होता, तिच्या आईचा आला होता, आणि जन्मभर हेच करत आलेल्या आम्हा सगळ्यांचाच आला होता.

संध्याकाळी विमलताई नेहमीसारख्या आमच्याकडे आल्या. अर्पिताही मागोमाग आली आणि आईच्या पायाशी बसली. "चाल ना माय माह्यासंगं."

"कायले तरास तुले," विमलताई म्हणाल्या. पण आवाज कालचा नव्हता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

अर्पिता म्हणाली, "खाट टाकली बी, माय."

"कोनती खाट?"

"तुह्यी. लाकडाची हाय. लोखंडाची तुले थंड लागते न. खिडकीपाशी टाकली."

विमलताईंनी बोटाचा पदर सोडला, पुन्हा गुंडाळला. "आता टाकलीच हाय त..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना बोलता येईना, पदर तोंडावर गेला. अर्पिताने त्यांच्या मांडीत डोकं घातलं. माझी बायको डोळे पुसत उठली आणि त्या दिवशी कुणालाही न विचारता तिने चहा मांडला.

कागदपत्रं व्हायला दिवाळी उजाडली. अर्पिता आधीच परत गेली होती. विमलताई एकट्याच निघणार होत्या, मुंबईपर्यंत त्यांचा भाचा सोबत. निघायच्या सकाळी त्या घराची किल्ली द्यायला आमच्याकडे आल्या. पायात पांढरे बूट, आणि ते बाहेर काढावेत की नाही या विचारात दारातच अडखळल्या. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, या तशाच."

तुळशीला पाणी, दिवा, अंगणातल्या पेरूवर नजर, सगळं सांगून झालं. मग बायकोने सवयीने विचारलं, "चहा मांडू का बाई?"

"मांड," विमलताई म्हणाल्या.

आम्ही दोघं बघतच राहिलो. बायको ना आत गेली ना बाहेर.

"असं काय पाह्यता?" विमलताई म्हणाल्या. "अर्पू म्हन्ते, तिथं पयल्या बारीलेच हो म्हना लागते. शिकून राह्यली मी." आणि त्या नव्या सुनेसारख्या लाजल्या.

घरात दूधच नव्हतं. रोज त्यांचं नाही नाही चालू असतानाच बायको मला डोळ्यांनी खुणावायची आणि मी कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचो. आज तेवढी सवड मिळालीच नाही. मी पिशवी घेऊन घाईघाईने निघालो. समोरच्या दाराला कुलूप लागलेलं होतं आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती. मला रडू येत होतं, आणि त्याचा राग काढायला बायकोही जवळ नव्हती.