ताठ अंगठ्याचा न्हावी

चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात जानराव नावाचा न्हावी राहायचा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची, सव्वीस सालची गोष्ट. कापसाने भरलेली बैलगाडी सोडताना जू खाली आलं आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चेंगरला. जखम भरली, हाडही जुळलं, पण अंगठा काही पेरात वाकेना. काठीसारखा ताठ राहिला.

न्हाव्याला ही मोठीच अडचण. कैची चालते ती अंगठ्यावर. बाकीची बोटं नुसती तिला धरून असतात. वस्तऱ्याचं तर अंगठ्याशिवाय पानही हलत नाही. तरी जानरावनं तीन महिने नेटानं काम केलं. एका सकाळी दाढी करताना वस्तरा निसटला आणि एका म्हाताऱ्याची हनुवटी चांगलीच कापली. म्हातारा भला, फडकं दाबून घरी गेला. पण अक्षय तृतीयेला, वर्षाची कामं ठरतात तेव्हा, गावानं जानरावचं काम त्याच्या चुलतभावाला दिलं.

जानराव हत्यारांची धोकटी खुंटीला टांगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको वच्छला म्हणाली, "हात थोडीच गेला तुमचा? आंगठा गेला. चार बोटाचं काम पाहा कोठी."

म्हणून तो कापसाच्या जिनात मजुरी पाहायला अकोल्याला गेला. स्टेशनच्या रस्त्यावर ओमप्रकाश नावाच्या कानपूरकडच्या कारागिराचं केस कापायचं दुकान होतं. तो हातानं दाबायचं मशीन चालवत होता. जानराव दारात थबकला. त्याची नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नव्हती, ओमप्रकाशच्या मुठीवर होती. मशीनच्या वरच्या दांडीवर अंगठा नुसता टेकलेला, जागचा हलत नव्हता. उघडझाप सगळी चार बोटांची!

जिनाकडे जायचं तो विसरूनच गेला. दुपारपर्यंत तिथंच बसला. शेवटी ओमप्रकाशनं विचारलं तेव्हा त्यानं आपला अंगठा दाखवला. ओमप्रकाशनं फळीवरचं एक जुनं मशीन काढून त्याच्यापुढे धरलं. "यह काटती नहीं, नोचती है. तीन आदमी चिल्लाकर भाग गए. चाहिए तो ले जा."

मशीन खरंच केस ओढत होतं. जानरावनं ते उघडलं. आत दातांची दोन पाती, एकावर एक सरकणारी. वस्तऱ्याला धार लावायच्या दगडावर, शिल्लीवर, त्यानं ती आठ दिवस घासली. फरक पडेना. वच्छलानं शिल्ली डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली.

"अवो, हे तं मधात खोल झाली हाये. वस्तऱ्याले चालते. हे पातं सपाट पायजे का नाई?"

"मंग कशावर घासू?"

तिनं धोकटीतला आरसा काढून जमिनीवर ठेवला, त्यावर कुरुंदाच्या कठीण दगडाची बारीक पूड आणि तेल टाकलं. काचेइतकं सपाट घरात दुसरं होतं काय? दोघांनी आळीपाळीनं पाती घासली. मग ती एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरली, तर मधून उजेडाची रेघही दिसेना. पहिला प्रयोग शेजारच्या शेळीवर झाला. पाठीवर पट्टा निघाला, शेळीचा रवंथ काही थांबला नाही.

आता हात बसवायचा होता. पावसाळाभर जानराव मिळेल त्याच्या डोक्यावर शिकत राहिला. हात पुढं सरकेल त्यापेक्षा बोटं जलद चालली पाहिजेत, नाहीतर केस दातात अडकतात. मशीन डोक्यावरून उचलताना बोटं थांबवायची नाहीत. थांबली की गिऱ्हाईक किंचाळलंच. मानेपासून वर जायचं आणि डोकं गोल व्हायला लागलं की मनगट बाहेर वळवून मशीन हवेत सोडायचं, म्हणजे केसांत पायरी पडत नाही. केस थोडे ठेवायचे तर खाली फणी धरायची. भोवऱ्यापाशी मात्र नियम नाही, तिथं केस जिकडून उगवतात तिकडं आपणच फिरायचं.

पुढच्या वर्षी दोघं अमरावतीला, राजापेठेत, एका निंबाखाली मशीन मांडून बसले. तिथले दोन न्हावी अंगठा पाहून हसले. जवळच केशवराव वस्तादांची तालीम होती. अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीला चारच दिवस उरले होते. कुस्तीत केस हाती लागू नयेत म्हणून पैलवान डोकी तासून घेत, पण वस्तऱ्याच्या चिरांत आखाड्याची माती जाऊन आग होई. केशवराव बाहेर आले.

"काय बे, रगत न काढता कापतं का?"

"कापतो जी."

"हा आमचा देवीदास. याच्या कानापासून सुरू कर. एक थेंब दिसला तं उठायचं इथून."

देवीदासचे कान कुस्त्या करून सुजलेले, गाठीगाठींचे. हसणारे ते दोघंही पाहायला आले. जानरावनं आधी दोन्ही हात त्याच्या मानेवर ठेवले, मान सैल होईपर्यंत. मग डाव्या हातानं कान हलकेच दुमडला आणि बोटं चालू केली. कट-कट-कट. केस गळत राहिले. शेवटी केशवरावांनी स्वच्छ फडकं घेऊन कानामागून फिरवलं, उजेडात धरलं. फडकं कोरं होतं.

"बसा रे सारे रांगेत!" वस्ताद गरजले.

संध्याकाळपर्यंत एकतीस पैलवानांची डोकी झाली. देवीदास अकोल्याहून चांदीचं कडं जिंकून आला, तो आधी तालमीत न जाता निंबाखाली आला आणि त्यानं जानरावला खांद्यावर उचलून राजापेठेतून फिरवलं. जानराव ओरडत होता, "अबे, मशीन पडंन!"

दोन वर्षांत निंबासमोर दुकान झालं. मशीनला धार लावायचं काम वच्छलाकडे. तिच्याकडे यवतमाळपासून मशिनं येत. शिकायला येणाऱ्यांना जानराव सांगे, "दुकान रोज एकाच वेळेले उघडा, मंग दोन गिऱ्हाइकं कमी आली तरी चालते. रांग असली तरी खुर्चीतल्याले घाई दिसली नाई पायजे. आन् एकाची गोष्ट दुसऱ्याले सांगसान, तं दोघंही जातीन." दर डोक्यानंतर मशीन उकळत्या पाण्यातून काढून पुसायचं, तेलाचा थेंब द्यायचा, हे न करणाऱ्याला तो दुसऱ्या दिवशी येऊच देत नसे.

छत्तीस साली अकोल्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या न्हाव्यांची सभा भरली आणि जानरावला मांडवात काम करून दाखवायला बोलावलं. दोनशे कारागीर सतरंजीवर बसले होते. खुर्चीत बसायला नत्थुजी नावाचे सत्तरीचे कारागीर स्वतःहून पुढं आले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची डोकी धरली होती. "माह्यं डोकं नाजूक हाये बरं," ते म्हणाले.

जानरावनं मानेवर हात ठेवले. मशीन चालू झालं. थोड्या वेळानं नत्थुजींची हनुवटी छातीला टेकली आणि मांडवभर ऐकू जाईल असं घोरणं सुरू झालं. कुणीतरी हसलं, तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. डोकं पुरं झालं तरी टाळी वाजेना. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती, म्हातारा जागा होऊ नये म्हणून. जानराव हलकेच बाजूला झाला, आणि बायकांच्या रांगेत बसलेल्या वच्छलाला त्यानं खुणेनं पुढं बोलावून आपल्या शेजारी उभं केलं.